दुर्गम भागातील तात्पुरती भूकंपमापन केंद्रे : गरज व उभारणी
(विशेष संदर्भ : किल्लारी)

प्रस्तावना :
३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात ६.२ परिमाणाचा भूकंप झाला व हजारो लोक मृत्युमुखी पडले. तत्पूर्वी १९९२ मध्ये याच परिसरात अनेक धक्के जाणवले होते. परंतु भूकंपदृष्ट्या हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याचा मानला जात असे. धक्क्यांचे उगमस्थान व खोली काटेकोरपणे ठरविण्यास आवश्यक असे दाट स्थानिक जाळे तेथे नव्हते. मुख्य भूकंपानंतर मात्र हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था व जर्मनीतील पॉट्सडॅमचे भूविज्ञान संशोधन केंद्र यांच्या शास्त्रज्ञांनी तात्पुरती केंद्रे उभारून पश्चात धक्क्यांचा अभ्यास केला. अशा केंद्रांची गरज व उभारणीची पद्धती विशद करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

तात्पुरत्या केंद्रांची गरज :
दूरच्या कायमस्वरूपी केंद्रावरून धक्क्याचे परिमाण समजते. खोली मात्र नीट समजत नाही. नाभी ५ किलोमीटर खोल आहे की १०, हा प्रश्न घेऊ. लहरींचा मार्ग सरळ व प्राथमिक लहरीचा वेग सेकंदाला ६ किलोमीटर मानल्यास, १५० किलोमीटरवरील केंद्रात या दोन शक्यतांमुळे पडणारा फरक केवळ ०.०४ सेकंद असतो. तोच ५ किलोमीटरवरील केंद्रात सुमारे ०.७ सेकंद होतो. म्हणून किमान एक केंद्र उगमाजवळ व उर्वरित केंद्रे त्याच्या सर्व दिशांना असावी लागतात.

वेळेचे महत्त्वही तितकेच आहे. जपानी शास्त्रज्ञ ओमोरी यांनी १८९४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार पश्चात धक्क्यांची संख्या काळाच्या साधारण व्यस्त प्रमाणात घटते. पहिल्या दिवशी शंभर धक्के असतील, तर दहाव्या दिवशी सुमारे दहाच उरतात. विलंबाने गमावलेली माहिती पुन्हा मिळत नाही.

स्थाननिवड व उभारणी :
मराठवाड्यातील काळी माती ओलाव्याने फुगते व सुकल्यावर भेगाळते; तिच्यात बसविलेले उपकरण कलते. म्हणून खोदून खालच्या अखंड बेसाल्टवर सिमेंटचा समतल पाया घालणे श्रेयस्कर. विहिरीवरील पंप, पिठाची गिरणी, रस्ता व मोठी झाडे यांपासून अंतर राखावे, कारण वाऱ्याने हलणाऱ्या झाडाच्या मुळांचे कंपनही नोंदले जाते. उपकरण उत्तरेस लावताना विशेष दक्षता हवी. बेसाल्ट स्वतःच चुंबकित असल्याने होकायंत्राची सुई चुकू शकते. दिशा खडकापासून दूर उभे राहून, शक्य तेथे सूर्याच्या साहाय्याने, पडताळावी.

घड्याळ जीपीएसशी जुळविलेले असावे, कारण ०.१ सेकंदाची चूक अंतरात सुमारे ६०० मीटरची चूक ठरते. २ वॅट वीज घेणाऱ्या संचास १२ व्होल्टच्या बॅटरीतून दिवसाला ४ अँपिअर-तास लागतात. पाच ढगाळ दिवस तग धरायचा व बॅटरी निम्म्यापेक्षा अधिक रिती होऊ द्यायची नसेल, तर किमान ४० अँपिअर-तासांची बॅटरी आवश्यक आहे. तीन घटकांची, सेकंदाला १०० वेळा, २४ बिटांत होणारी नोंद दिवसाला सुमारे ७८ मेगाबाइट जागा व्यापते.

लोकसहभाग :
शेतमालकाची संमती व ग्रामपंचायतीचे सहकार्य यांखेरीज केंद्र टिकत नाही. 'हे यंत्र भूकंप आधी सांगेल काय?' या ग्रामस्थांच्या प्रश्नास प्रांजळपणे 'नाही' असेच उत्तर द्यावे लागते. खोटी आशा यंत्रावरील विश्वास कायमचा घालविते. मात्र धक्के कोठे व किती खोलीवर होत आहेत हे कळल्यास अफवांना आळा बसतो आणि कोणत्या वस्तीतील घरे आधी बळकट करावीत, याचा निर्णय सुकर होतो.

निष्कर्ष :
नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हाही तेथे तात्पुरती केंद्रे उभारावी लागली. १९९२ मध्ये किल्लारीत दाट जाळे असते, तरी भूकंप टळला नसता. परंतु त्या धक्क्यांकडे अधिक गांभीर्याने पाहिले गेले असते, असे वाटते. ग्रामीण महाविद्यालयांच्या भूगोल, भूशास्त्र व भौतिकशास्त्र विभागांनी जागा, देखभाल व लोकसंवाद यांची जबाबदारी स्वीकारल्यास पुढील मालिकेच्या वेळी पहिले काही दिवस वाया जाणार नाहीत.