पाणी अडवा, पण जिरू देऊ नका!

मृग लागला की बेळगाव-खानापूर पट्ट्यात उन्हाची शाश्वती नसते. जांबोटी-कणकुंबीकडे धो धो, शहरात दिवसभर बारीक झड. कपडे वाळत नाहीत, कपाटाला कुबट वास येतो आणि दारात उभ्या असलेल्या जुन्या गाडीलाही. दार उघडलं की सादळलेला वास, काचेवर आतून वाफ आणि डाव्या फूटमॅटखाली हात घातला तर ओल. बहुतेक घरांत यावर एकच उपाय होतो: डॅशबोर्डवर सुगंधाची बाटली. वास झाकला जातो, ओल तशीच राहते.

तंबाखूच्या वखारीत ओल किती महागात पडते, हे निपाणीकरांना सांगायला नको. गाडीचंही तसंच आहे. शेतात ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे बरोबर. गाडीत मात्र पाणी अडवायचं आणि थेंबभरही जिरू द्यायचं नाही. जुन्या छोट्या गाडीचं आतलं काम काढणाऱ्या तरुण मंडळींनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली, तर पैसाही वाचेल आणि गाडीही.

आधी जातो तो पत्रा

आपल्याकडच्या कित्येक घरांतली पहिली चारचाकी म्हणजे मारुती ८००. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या गाडीची किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते दिल्लीच्या हरपाल सिंग यांना मिळाली आणि जानेवारी २०१४ मध्ये हिचं उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत पंचवीस लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. त्यामुळे ७९६ सीसीच्या त्या तीन सिलिंडरच्या इंजिनाचे सुटे भाग आजही मिळतात आणि ते खोलणारा मेकॅनिक प्रत्येक गावात आहे. इंजिन बिघडलं म्हणून सहसा ही गाडी मोडीत निघत नाही. ती निघते पत्रा गेला म्हणून.

याचं कारण गाडीच्या बांधणीत आहे. जीप किंवा ट्रकला खाली वेगळी चासी असते. ८००, झेन, अल्टो, सँट्रो यांना ती नाही. तळाचा पत्रा, दारांखालचे उंबरे, खांब आणि छत मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. सीटचे बोल्ट आणि सीट बेल्टचे खालचे हूक याच पत्र्याला धरून असतात. कार्पेटखाली साठलेलं पाणी नेमका तोच पत्रा खातं, तेही आतून. खालून काळा लेप शाबूत दिसतो आणि वर कार्पेट असतं. मधला पत्रा पापडासारखा झालेला असतो, पण बाहेरून काही कळत नाही.

त्या पहिल्या गाडीचीही हीच गत झाली होती. हरपाल सिंग २०१० मध्ये गेले. त्यानंतर ती उघड्यावर गंजत राहिली. पुढे कंपनीनेच ती दुरुस्त करून आपल्या मुख्यालयात ठेवली. आपल्या दारातल्या गाडीसाठी कंपनी येणार नाही. ते काम घरच्यांनाच करायचं आहे.

पाणी येतं कुठून?

ओल दिसली की सगळे दाराचं बीडिंग बदलायला धावतात. ते नेहमीच दोषी असतं असं नाही. आधी पाण्याची जात ओळखा. पाऊस नसताना, एसी चालवल्यावरच डाव्या बाजूला पायाशी पाणी येत असेल तर एसीच्या पाण्याची नळी तुंबली आहे. पाणी चिकट, रंगीत आणि गोडसर वासाचं असेल तर हीटरमधून कूलंट गळतंय. पावसात किंवा गाडी धुतल्यावरच ओल येत असेल, तर खालच्या जागा तपासा.

पहिली जागा वायपरखालची जाळी. झाडाखाली गाडी लावत असाल तर पानं, फुलं, काड्या तिथे साठतात, निचऱ्याची भोकं बुजतात आणि पाणी ब्लोअरच्या वाटेने आत उतरतं. हा उपाय फुकटात होतो: हाताने कचरा काढा आणि मगभर पाणी ओतून ते खाली रस्त्यावर पडतं का पाहा.

दुसरी जागा खुद्द दार. इथे बऱ्याच जणांची समजूत उलटी असते. काचेच्या फटीतून दाराच्या पोटात पाणी जाणारच, गाडी नवी असली तरी. ते दाराच्या तळाशी असलेल्या भोकांतून बाहेर पडावं अशीच रचना असते. ते केबिनमध्ये येऊ नये म्हणून दाराच्या आतल्या पॅनलमागे प्लॅस्टिकचा कागद डांबरासारख्या चिकट पट्टीने बसवलेला असतो आणि त्याची खालची कड दाराच्या आत सोडलेली असते. कधीतरी स्पीकर किंवा पॉवर विंडो बसवताना हा कागद फाडला जातो आणि परत लावला जात नाही. मग बीडिंग कितीही नवं घाला, कार्पेट भिजतच राहतं. जाड प्लॅस्टिक कापून, ब्युटाइल टेपने तो कागद पुन्हा बसवणं हे घरी होणारं काम आहे. दाराच्या तळाची भोकंही बारीक काडीने मोकळी करा.

तिसरी जागा पुढच्या-मागच्या काचेभोवतीचं रबर. चौथी डिकीचं बीडिंग आणि मागच्या दिव्यांची पॅकिंग. पाचवी म्हणजे एरियल, वायरी जिथून आत येतात तिथले आणि तळपत्र्यातले रबरी ग्रोमेट. शेवटचे नाण्याएवढे असतात, पण एक जरी निसटला तरी तुंबलेल्या रस्त्यावर गाडी खालून भरते.

तपासायला दोन माणसं लागतात. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपाने हळू पाणी सोडायचं. सुरुवात खालून करायची आणि एकेक जागा पाच-पाच मिनिटं भिजवत वर जायचं. वरून सुरू केलं तर पाणी ओघळत सगळीकडे पसरतं आणि वाट सापडत नाही. जोराचा फवारा मारू नका. त्याने चांगल्या रबराखालूनही पाणी शिरतं.

रबराची गोष्ट

बेळगाव हायड्रॉलिक यंत्रांचं गाव आहे. दोन पैशांचं सील गेलं की लाखाचं यंत्र थांबतं, हे उद्यमबागेत काम करणाऱ्याला माहीत असतं. दाराचं बीडिंगही सीलच आहे. ते दाबलं गेल्यावर परत फुगायला हवं. वर्षानुवर्षं दबून ते चपटं होतं, उन्हाने कडक होतं आणि मग फट राहते.

बदलायच्या आधी कागदाची परीक्षा करा. कागदाची पट्टी बीडिंगवर ठेवून दार लावा आणि ओढा. थोडा अडत आला तर रबर ठीक. सरसर निघाला तर तिथे फट आहे. दाराच्या चारी बाजूंना दर वीतभर अंतरावर हे करा. एकाच कोपऱ्यात सैल लागलं तर दोष रबराचा नसून दार खाली आल्याचा असू शकतो. बिजागरीच्या पिना झिजल्या की दार लोंबतं. नव्या पिना-बुश लेथवर करून घेता येतात. दार सरळ न करता नवं बीडिंग घालणं म्हणजे वाकड्या चौकटीला नवा रंग.

गाड्यांच्या दारांची बीडिंगं बहुतेक ईपीडीएम नावाच्या रबराची असतात. ऊन-पाऊस त्याला चालतो, पण खनिज तेल चालत नाही. त्याने ते फुगतं आणि मऊ पडतं. गाडी धुतल्यावर चकाकीसाठी कुणी डिझेल किंवा ऑइल फिरवत असेल तर थांबवा. साबणाचं पाणी, कोरडं फडकं आणि वर्षातून दोनदा सिलिकॉनचा हात एवढं पुरतं.

नवं बीडिंग घेताना जुन्याचा वीतभर तुकडा कापून दुकानात न्या. आतली पकड आणि बाहेरचा फुगा, दोन्ही जुळले पाहिजेत. फुगा मोठा असेल तर दार लागत नाही, लहान असेल तर पाणी थांबत नाही. बसवताना रबर ताणू नका. ताणलेलं रबर थंडीत आखडतं आणि कोपऱ्यातून उचलतं. वरच्या कोपऱ्यांपासून सुरुवात करून जोड खाली उंबऱ्यावर आणा.

पुढची काच मात्र स्वतः काढू नका. ती दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा घालून बनवलेली असते आणि एका कोपऱ्यावर जोर पडला की तडकते. जुन्या पद्धतीत रबराच्या खाचेत दोरी घालून, ती आतून ओढत काच बसवतात. ते सवयीच्या हाताचं काम आहे. पण काच निघाली की चौकट स्वतः पाहा. रबराखाली गंज असेल तर तो घासून, प्रायमर मारल्याशिवाय काच परत बसवू देऊ नका.

आतलं काम: क्रम चुकवू नका

हौशी मंडळी सीट कव्हरपासून सुरुवात करतात. खरं तर ते शेवटचं काम आहे.

बॅटरीची वायर काढा. एअरबॅग असलेली गाडी असेल तर सीटखालच्या पिवळ्या जोडण्यांना गॅरेजवाल्याशिवाय हात लावू नका. मग सीट, उंबऱ्यांच्या पट्ट्या आणि कार्पेट बाहेर काढा. कार्पेटखालचं नमदं स्पंजासारखं पाणी धरून ठेवतं. वरून कोरडं लागलं तरी पिळून पाहा. ते गाडीत असताना वाळत नाही. बाहेर काढून कडक उन्हात तीन-चार दिवस ठेवा. म्हणूनच हे काम एप्रिल-मे मधलं, सुट्टीतलं.

उघड्या पत्र्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर पत्रा चांगला. भद्द आवाज आला किंवा टोक आत गेलं तर नाही. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून प्रायमर आणि रंग लावता येतो. गंज थोपवणारी द्रव्यं पातळ गंजावरच चालतात. पापुद्रे सुटलेल्या पत्र्यावर ती फासून उपयोग नाही. भोक पडलं असेल तर तेवढा पत्रा कापून नवा वेल्ड करायचा. सीट किंवा बेल्टच्या बोल्टपाशी फायबर किंवा पुट्टी भरून काम उरकणाऱ्याला नाही म्हणा. अपघातात तो बोल्ट माणसाचं वजन पेलणार आहे. वेल्डिंग करताना पेट्रोलची नळी तळाखालून जाते, याची आठवण कारागिराला द्या.

सांधे बुजवायला घरातलं, व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन वापरू नका. त्यातल्या आम्लाने पत्रा गंजतो. त्यासाठी गाड्यांचा पॉलियुरेथेन सीलंट मिळतो.

तळ झाला की छताचं अस्तर. ते लोंबतं, कारण मागचा फोम वयाने भुगा होतो. वरून गोंद लावून ते टिकत नाही. जुना फोम पूर्ण खरवडावा लागतो. जुन्या गाड्यांत अस्तराची कड दाराच्या बीडिंगखाली दाबलेली असते. म्हणून आधी अस्तर, मग नवं बीडिंग. उलट केलं तर तेच काम दोनदा.

त्यानंतर कार्पेट आणि सगळ्यात शेवटी सीट. कुशनवाल्याकडे गेलात तर आधी फोम आणि खालच्या स्प्रिंगा बघायला सांगा, मग रेक्झिनचा रंग निवडा.

कागदांचंही बीडिंग बघा

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती १०,००० झाली. त्यामुळे पत्रा आधी ठोकून पाहा आणि मगच खर्चाचा हिशेब मांडा. तळ आणि उंबरे दोन्ही गेले असतील, तर गाडीला निरोप देणं हाही शहाणपणाचा निर्णय आहे.

सीमाभागाचा एक खास मुद्दा. कोल्हापूरच्या मामांची एमएच-०९ गाडी भाच्याने निपाणीला किंवा बेळगावला आणली, तर कायद्याप्रमाणे बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवायची असल्यास इथल्या नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र हवं. बेळगावची नोंदणी केए-२२, निपाणी मात्र चिकोडीच्या केए-२३ मध्ये येते. सीट कव्हरवर खर्च करण्याआधी हे कागद हातात असू द्या.

काम संपलं की वळवाची वाट पाहा. पहिली जोरदार सर पडून गेल्यावर फूटमॅट उचलून कार्पेटखाली कोरडं वर्तमानपत्र सरकवा आणि सकाळी काढा. कागद कुरकुरीत निघाला तर चोर्ल्याच्या घाटातून खुशाल गोव्याला निघा. मऊ पडला असेल तर पुन्हा टॉर्च आणि पाण्याचा पाइप घ्या. मृगाला अजून थोडे दिवस असतील.