तयार तक्त्यांची साधी शेड



किनाऱ्यावरच्या मंडळींना नारळीचे झाप काही नवे नाहीत. झावळ्या उन्हाळ्यात विणायच्या, थप्पी रचून ठेवायच्या आणि मांडव घालायची वेळ आली की काथ्याने खांबांना बांधायच्या. कुडाचेही तसेच. कारवीच्या काठ्यांचा कूड विणायचा, मेढींना बांधायचा आणि शेणमातीने लिंपून घ्यायचा. भिंतीचे आणि छपराचे तुकडे आधी तयार करावेत आणि मागाहून जागेवर जोडावेत, ही युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. बाजारात आज ज्याला 'प्रीफॅब' किंवा 'रेडिमेड' शेड म्हणतात, ती याच जातीची. झापाच्या जागी पत्रा आला आणि कुडाच्या जागी सिमेंटचा किंवा लोखंडी चौकटीचा तक्ता आला. या तक्त्याला कारागीर 'पॅनल' म्हणतात.

पन्हळी पत्र्याचा शोध १८२९ साली लंडनमध्ये हेन्री पामर या इंजिनियराने लावला. मुंबईत काळ्या घोड्याजवळ वॉटसन हॉटेलची जुनी इमारत आहे, तिला पुढे एस्प्लनेड मॅन्शन नाव पडले. तिचा लोखंडी सांगाडा १८६० नंतरच्या दशकात इंग्लंडात तयार करून, सुटा करून जहाजाने आणला आणि इथे जोडला. पाच मजली हॉटेल असे उभे राहू शकते, तर आपली अवजारांची शेड का राहू नये? राहते. पण एका अटीवर, आणि ती अट काय, हेच आज सांगायचे आहे.

मीरा-भाईंदरच्या बाजूला पाहा. उत्तन, पाली, चौक या गावांत जाळी, दोर आणि यंत्रे ठेवायला जागा लागते. राई, मुर्धे, मोर्वे या बाजूला अवजारे आणि दुचाकी ठेवायची असते. शाळांना खेळाचे आणि बागेचे सामान ठेवायचे असते. आता गंमत अशी की, शेडची गरज सगळ्यांत अधिक असते ती नेमकी वाईट हवेत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत कोळ्याचे हजारो रुपयांचे जाळे आणि इंजिन किनाऱ्यावर, शेडमध्ये असते. आणि वारा त्याच दिवसांत सुटतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. १७ मे २०२१ रोजी तौक्ते मुंबईजवळून समुद्रातून उत्तरेकडे गेले, तेव्हा कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटरपर्यंत नोंदला गेला. अशा वाऱ्यात सुटलेला पत्रा म्हणजे उडती सुरीच. तो कोणाच्या अंगावर जाईल, हे सांगता येत नाही.

आपल्या मनात घराचा विचार ओझ्याच्या अंगाने बसलेला असतो. भिंत जाड हवी, वासा मजबूत हवा, का? तर वरचे कौलारू छप्पर खाली येऊ नये म्हणून. पत्र्याच्या शेडचे गणित याच्या नेमके उलटे आहे. पत्रा हलका असतो. तो खाली येत नाही, वर जातो. म्हणून शेड बांधताना पहिला प्रश्न 'हे छप्पर कशावर टेकवू?' हा नव्हे. 'हे छप्पर खाली कशाने धरून ठेवू?' हा आहे.

गुरुजनांनी वर्गात हे सहज दाखवावे. कागदाची एक लांब पट्टी ओठांखाली धरा, तिचे टोक खाली लोंबू द्या आणि पट्टीच्या वरून जोरात फुंका. पट्टी दबण्याऐवजी वर उचलली जाते. छपरावरून वेगाने वारा जातो तेव्हा वरचा हवेचा दाब असाच कमी होतो आणि आतली हवा छपराला वर लोटते. त्यात वाऱ्याच्या अंगाचे दार उघडे राहिले तर झालंच! वारा आत शिरून फुगा फुगवावा तसा आतून जोर लावतो.

आता थोडा हिशेब करू. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्याचा जोर एका चौरस मीटरवर सुमारे साडेसात किलो वजनाइतका असतो. ८० ला तो ३० किलो होतो आणि १६० ला १२० किलो. मुंबईच्या परिसरासाठी आपल्या भारतीय मानकाने जो मूळ वेग धरायला सांगितला आहे, तो सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटरच्या घरात आहे.

एक शेड डोळ्यांपुढे आणू : १२ फूट लांब, ९ फूट रुंद. छपराचे क्षेत्रफळ झाले १०८ चौरस फूट, म्हणजे साधारण १० चौरस मीटर. त्याला उचलणारा जोर ठोकळ मानाने १,२०० किलो, आणि पत्र्याचे स्वतःचे वजन किती? अवघे ५० किलो! उरलेला सगळा जोर कोणीतरी धरायला हवा. तो धरतो खांबाच्या पायातला काँक्रीट. शेडला प्रत्येक बाजूस तीन असे मिळून ८ खांब घेतले, आणि प्रत्येक खांबाखाली सव्वा फूट लांब, सव्वा फूट रुंद, अडीच फूट खोल खड्डा काँक्रीटने भरला, तर एका पायाचे वजन सुमारे २६५ किलो होते. आठांचे मिळून २,१२० किलो. दार उघडे राहिले तरी तग धरेल, इतकी शिल्लक त्यात आहे. खड्डा फूटभर खणून 'चालेल हो' म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवावा.

मापे टाकताना १२ आणि ९ हे आकडे मी मुद्दाम घेतले आहेत. शाळेत शिकलेला पायथागोरस इथे कामाला येतो. १२ चा वर्ग १४४, ९ चा ८१, बेरीज २२५, तिचे वर्गमूळ १५. म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी बरोबर १५ फूट भरली पाहिजे, आणि दोन्ही तिरप्या दोऱ्या सारख्या भरल्या पाहिजेत. तसे नसेल तर चौकोन तिरका आहे. तिरक्या चौकोनात तयार तक्ते बसत नाहीत. जागेवर बांधलेल्या विटेच्या भिंतीत चूक सांभाळून घेता येते, तयार तक्त्यात नाही. म्हणून फक्की टाकण्यापूर्वीच ही तपासणी करावी आणि खांब ओळंब्याने उभे करावेत.

काँक्रीटचे प्रमाण एक घमेले सिमेंट, दीड घमेले रेती आणि तीन घमेले खडी असे ठेवावे. पाणी बेताचे घालावे, आणि गोडेच घालावे. खाडीचे पाणी किंवा समुद्राची रेती वापरली, तर मीठ आतल्या सळईला गंजवते, सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. पाया भरल्यावर निदान सात दिवस ओला ठेवावा. मिठागराच्या किंवा खाजणाच्या जागेत माती भुसभुशीत असते आणि खड्ड्यात पाणी येते. तिथे मात्र जाणत्या इंजिनियराला जागा दाखवल्याशिवाय हात घालू नये.

आता तक्ते. आपल्याकडे सहज मिळतात ते तीन प्रकारचे.

पहिला, खाच असलेले सिमेंटचे खांब आणि त्यांच्या खाचेत वरून सरकवायच्या फरश्या. कुंपणासाठी आपण त्या पाहिल्याच आहेत. ६ फूट लांब, १ फूट उंच आणि २ इंच जाड फरशी सुमारे ६८ किलोची असते, दोघांनी मिळून उचलावी. ती गंजत नाही आणि जळत नाही. मात्र एक लक्षात ठेवा. फरशी खाचेत नुसती बसलेली असते, बांधलेली नसते. तिचे वजन छपराला धरून ठेवीत नाही. छपराची चौकट खांबाच्या माथ्याशी बोल्टाने पक्की करावीच लागते.

दुसरा, लोखंडी अँगलची किंवा चौकोनी पाइपची चौकट आणि तिच्यावर पत्रा. हा हलका, नट-बोल्ट खोलून दुसरीकडे नेता येण्यासारखा. खाऱ्या हवेत याचा शत्रू गंज. पत्रा घेताना त्यावरचा जस्ताचा थर विचारावा. दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम असा जाड थर किनाऱ्याला बरा, १२० ग्रॅमचा स्वस्त पत्रा लवकर खातो. वेल्डिंग केले की त्या जागचे जस्त जळते, तिथे ब्रशने जस्ताचा रंग न चुकता द्यावा.

तिसरा, दोन पातळ पत्र्यांमध्ये थर्माकोल किंवा फोम भरलेला तक्ता. आत गारवा राहतो, हे खरे. पण थर्माकोल पेट घेतो. जिथे डिझेलचा डबा, जाळी किंवा चूल जवळ आहे, तिथे हा तक्ता नको. जुने ॲस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे कोणी फुकट देऊ केले, तरी ते कापू नयेत आणि भोक पाडू नये. त्याची धूळ फुप्फुसांना अपायकारक आहे. शाळेत तर मुळीच नको.

तक्ते उभे राहिले की शेड झाली असे वाटते. इथे पुन्हा एक लहान प्रयोग करा. चार काड्या टोकाला टाचण्यांनी जोडून चौकोन करा आणि बाजूने ढकला. तो लगेच कलतो. आता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपी काडी जोडा. मग ढकलून पाहा, हलणार नाही. त्रिकोण आपला आकार सोडत नाही. म्हणून प्रत्येक भिंतीत निदान एका गाळ्याला आणि छपराच्या चौकटीतही अँगलची तिरपी पट्टी हवीच. पुष्कळ शेडी या एका पट्टीवाचून वाकतात.

छपराला उतार द्यायचा तो ९ फुटांच्या रुंदीत दीड फुटाचा. खालची बाजू पश्चिमेकडे, ७ फूट उंच, आणि वरची पूर्वेकडे, साडेआठ फूट. आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्येकडून व पश्चिमेकडून येतो. त्याच्यासमोर उंच बाजू आली तर तो छपराखाली हात घालतो. दार पूर्वेला ठेवावे, म्हणजे वाऱ्याच्या पाठीमागे येते. वळचण वीतभरच ठेवावी, कारण बाहेर आलेला पत्रा वाऱ्याच्या हाती पहिल्यांदा सापडतो. पत्रे घालायला सुरुवात वाऱ्याच्या उलट टोकाकडून करावी, म्हणजे एकावर एक चढलेली कड वाऱ्यासमोर उघडी पडत नाही. जे-हुक किंवा स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर मारावेत, रबरी वायसर घालून. मधल्या भागात ते थोडे लांब चालतील, पण कडांना आणि कोपऱ्यांना दाट हवेत. वारा छपराचा कोपरा आधी उचलतो, मग बाकीचे सोलत नेतो.

हा सगळा साखळीचा मामला आहे, बरं का. पत्रा स्क्रूने आडव्या पट्टीला, पट्टी चौकटीला, चौकट खांबाला, खांब पायाला. यातला एक दुवा कच्चा राहिला तर पाया कितीही जड असून उपयोग नाही. पत्र्यावर दगड किंवा वाळूची पोती ठेवून हा प्रश्न सुटत नाही. जिथे शेकडो किलोंचा जोर आहे, तिथे चार पोत्यांची काय कथा! शिवाय वादळात पत्र्याबरोबर दगडही उडतो.

परवानगीचेही पाहावे. शेड सुटी होण्यासारखी आहे म्हणून ती बांधकाम नव्हे, असे समजू नये. मीरा-भाईंदर महानगरपालिका २८ फेब्रुवारी २००२ पासून आहे. तिच्या हद्दीत खांब रोवण्याआधी प्रभाग कार्यालयात लेखी विचारावे. किनाऱ्याजवळच्या जागेला किनारा नियमन क्षेत्राचे नियमही लागू होतात. शाळेच्या आवारात तर मुख्याध्यापकांनी कागद हातात आल्याशिवाय काम सुरू करू नये. शेड इथे सांगितल्याहून मोठी असेल, तर वरचा हिशेब समजण्यापुरता धरावा आणि आराखडा इंजिनियराकडून करून घ्यावा.

शेवटी, दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात एक सकाळ शेडसाठी काढावी. शिडी लावून प्रत्येक स्क्रू हाताने चाचपावा, सैल असेल तो आवळावा, तडकलेले वायसर बदलावेत. खांबाच्या बुडाशी, जिथे लोखंड जमिनीत शिरते, तिथली माती सारून गंज पाहावा, खरवडून रंग द्यावा. दाराची कडी नीट लागते ना, हे बघावे. शाळेत हे काम आठवी-नववीच्या मुलांना बरोबर घेऊन करावे. शिडीवर मोठ्यांनीच चढावे, मुलांनी खाली वहीत नोंद ठेवावी : कोणता स्क्रू सैल, कोणता कोपरा गंजलेला. पुढच्या मे महिन्यात तीच वही पुन्हा उघडायची.