दुधी भोपळ्याची नाडी

दीड हजार रुपयांचं एक स्मार्टवॉच मी परवा दुधी भोपळ्याला बांधलं. दुधी कोवळा, मनगटाएवढाच जाड. घड्याळाच्या पोटातले हिरवे दिवे लुकलुकले, काचेवरचं हृदयाचं चित्र धडधडू लागलं आणि थोड्या वेळाने आकडा उमटला : ७४. दुधीची तब्येत ठणठणीत होती. मग त्याच दुधीला मित्राकडून मागून आणलेलं एक महागडं घड्याळ बांधलं. त्याने बराच वेळ दिवे लावले, विझवले आणि शेवटी दोन आडव्या रेघा दाखवून ते गप्प बसलं. दोन घड्याळांच्या किमतीत जो काही पट फरक आहे, त्यातला बराचसा या दोन रेघांसाठी मोजावा लागतो, असं माझं मत झालं आहे. कधी बोलू नये हे यंत्राला शिकवणं फार अवघड असतं.

दुधीला नाडी कुठून आली, हे कळायला ते हिरवे दिवे काय करतात ते पाहावं लागेल. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा उजेड चांगला शोषतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटातल्या बारीक वाहिन्यांत रक्त किंचित वाढतं, हिरवा उजेड जास्त शोषला जातो आणि परत येणारा उजेड तेवढाच कमी होतो. हा चढउतार एकूण उजेडाच्या जेमतेम एखाद-दोन टक्क्यांचा. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ अल्रिक हर्ट्झमन यांनी १९३०च्या दशकात उजेडाने रक्ताचा चढउतार टिपून दाखवला होता, तेव्हा तत्त्व जुनंच आहे. नवीन आहे ते गणित. हात हलतो, पट्टा सरकतो, खिडकीतून ऊन येतं. या सगळ्या गोंधळातून ठोका वेगळा काढायचा असतो. त्यासाठी घड्याळातला प्रोग्रॅम माणसाच्या नाडीच्या पट्ट्यात बसेल अशी एखादी लय शोधत राहतो. नुसता गोंधळ समोर ठेवला, तरी कच्चा प्रोग्रॅम त्यातून काहीतरी लय काढतोच. दुधीची नाडी ती हीच.

म्हणून अशी कोणतीही वस्तू हातात आली की मी आता एकच प्रश्न विचारतो : यातला सेन्सर नेमकं काय पकडतो, आणि तिथून काचेवरच्या आकड्यापर्यंत किती अंदाज बांधला जातो? हे अंतर कमी असेल तिथे वस्तू कामाची.

नाडीच्या बाबतीत अंतर कमी आहे. पट्टा नीट आवळलेला असेल आणि माणूस शांत बसला असेल, तर बरी घड्याळं डॉक्टरांच्या मोजणीच्या अगदी जवळ जातात. पण अंगमेहनतीचं काम करताना ती घसरतात, आणि त्वचेवर गडद शाई असेल तर अडखळतात. गावाकडच्या एखाद्या आजींच्या मनगटावर दाट गोंदण असेल, तर तिथे हिरवा उजेड गोंदणातच अडकतो. अशा वेळी घड्याळ गोंदण टाळून थोडं वर सरकवावं, किंवा दुसऱ्या हाताला बांधावं.

रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रकरण जास्त नाजूक. कोविडच्या दुसऱ्या लाटेत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आपल्याकडे घरोघरी पोचला. त्यामागचा शोध जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांचा, १९७४ सालचा. ते खरं तर हृदय किती रक्त फेकतं हे रंगद्रव्य टोचून मोजायच्या खटपटीत होते आणि नाडीच्या ठोक्यांमुळे त्यांचा आलेख सारखा बिघडत होता. तो बिघाड घालवता घालवता त्यांच्या लक्षात आलं की ठोक्यागणिक बदलणारा हा भागच धमनीतल्या रक्ताची खबर देतो. ऑक्सिजन कमी असलेलं रक्त लाल उजेड जास्त शोषतं, ऑक्सिजनने भरलेलं रक्त अवरक्त उजेड जास्त शोषतं. दोन्हींचं गुणोत्तर काढलं की काम झालं. आओयागी एप्रिल २०२० मध्ये वारले, त्यांचं यंत्र जगभर चढ्या भावाने विकलं जाऊ लागलं नेमकं त्याच दिवसांत.

बोटातून उजेड आरपार जातो. मनगटातून तो जाऊ शकत नाही, परत येईल तेवढ्यावरच भागवावं लागतं. शिवाय मनगटाच्या ज्या बाजूला घड्याळ टेकतं तिथे हाडं जास्त, रक्त कमी. त्यामुळे घड्याळातला ऑक्सिजनचा आकडा बोटावरच्या आकड्याइतका भरवशाचा नसतो. आणि बोटावरचाही निर्दोष नाही. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, की ऑक्सिजन धोक्याइतका घसरलेला असूनही ऑक्सिमीटरने तो ठीक दाखवल्याचे प्रसंग गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळपास तिप्पट होते. सावळ्या-काळ्या त्वचेच्या आपल्या देशात ही गोष्ट ऑक्सिमीटरच्या खोक्यावर छापायला हवी होती.

आता पावलं. इथे प्रकाश नाही, हालचाल आहे. घड्याळातल्या चिपमध्ये सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म ठोकळा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. हात हलला की तो मागेपुढे सरकतो आणि शेजारच्या पट्ट्यांमधली विद्युतधारकता बदलते. म्हणजे पकडला जातो तो हिसका. पाऊल हा त्यावरून काढलेला निष्कर्ष. चालताना सेकंदाला साधारण दोन पावलं पडतात, तेव्हा त्या तालात हिसके येऊ लागले की प्रोग्रॅम म्हणतो, माणूस चालतोय. पोळ्या लाटताना हात याच तालात मागेपुढे होतो! रविवारी सगळ्या घरासाठी पोळ्या करून ओट्यापासून एक पाऊलही न हलता बरीच चाल माझ्या नावावर जमा झाली. उलट दोन्ही हातांत भाजीच्या जड पिशव्या घेऊन मंडईतून घरी आलो, तेव्हा हात न हलल्यामुळे खरी पावलं गळाली. खड्ड्यांच्या रस्त्यावर स्कूटर चालवली तरी थोडी भर पडते, ती महापालिकेच्या कृपेने.

आणि मुळात दहा हजार पावलंच का? हा आकडा वैद्यकशास्त्राने दिलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानी बाजारात पावलं मोजायचं एक यंत्र आलं. विक्रीसाठी त्याच्या नावातच दहा हजार पावलं घातली होती. तिथून तो आकडा जगभर फिरला आणि आज प्रत्येक घड्याळात ठाण मांडून आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांची पावलं मोजली गेली. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत पुढच्या चारेक वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या आसपास हा फायदा वाढायचा थांबला. अशा अभ्यासातून कार्यकारण सिद्ध होत नाही हे खरं. मुळात ज्यांची तब्येत बरी तेच जास्त चालत असतील. तरी साठी-सत्तरीतल्या ज्या मंडळींना रात्री नऊ वाजता घड्याळ हाताला हिसका देऊन ‘अजून तीन हजार बाकी’ सांगतं आणि ती बिचारी जेवल्यावर हॉलमध्ये येरझारा घालतात, त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

कॅलरींबद्दल थोडक्यात. नाडी, हालचाल, वय, वजन एवढ्या भांडवलावर काढलेला तो अदमास असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ मध्ये सात उपकरणं तपासली गेली. त्यांपैकी सहांनी नाडी पाच टक्क्यांच्या चुकीत बरोबर मोजली. कॅलरींत मात्र सर्वांत चांगलं उपकरण सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. त्या भरवशावर दुसरा वडापाव खाऊ नये.

झोपेचंही तसंच. गाढ झोप आणि स्वप्नांची झोप खऱ्या अर्थाने कळते ती डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी पाहिल्यावर. मनगटाला मेंदू दिसत नाही. घड्याळ फक्त स्थिर हात आणि मंदावलेली नाडी पाहतं. त्यामुळे डोळे टक्क उघडे ठेवून पंख्याकडे बघत पडलेला माणूसही त्याला झोपलेला वाटू शकतो. सकाळी उठून छान वाटत असताना घड्याळाने ‘झोप ६१ गुण’ म्हटल्यावर अचानक थकवा जाणवू लागलेले दोन जण मला माहीत आहेत.

अशा अंदाजांच्या दुसऱ्या टोकाला घड्याळातली ईसीजीची सोय. घड्याळाची पाठ एका मनगटाला टेकलेली, दुसऱ्या हाताचं बोट बाजूच्या बटणावर. दोन हातांमधून हृदयाची वीज सरळ मोजली जाते. नेदरलँड्समधल्या लायडनला विलेम आइंटहोवेन रुग्णाला दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसवायचे आणि हेच करायचे. १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. दवाखान्यातल्या ईसीजीत बारा दिशांनी हृदय पाहतात, इथे एकाच. त्यामुळे अनियमित ठोके यात दिसू शकतात. हृदयविकाराचा झटका यावरून ओळखता येत नाही. छातीत कळ आली की घड्याळावर बोट ठेवून वाट बघण्यात वेळ घालवायचा नाही.

सुईशिवाय रक्तातली साखर दाखवणारी घड्याळं आणि अंगठ्या ऑनलाइन दुकानांत सर्रास दिसतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं, की असं एकही उपकरण आपण मंजूर केलेलं नाही. ज्यांच्या इन्शुलिनचा डोस साखरेच्या आकड्यावर ठरतो, त्यांच्यासाठी हा खेळ जिवावरचा आहे.

मनगट सोडून घरात येऊ. दंडाला बांधायचं बीपीचं मशीन मला या सगळ्यात सर्वांत प्रामाणिक वाटतं, पण अंदाज त्यातही आहे. डॉक्टर स्टेथोस्कोपने आवाज ऐकतात. मशीन बहुधा ऐकत नाही. पट्ट्यातली हवा सुटताना दाबात जी थरथर होते ती ते पाहतं. थरथर सर्वांत मोठी असते तो सरासरी दाब. वरचा आणि खालचा आकडा त्यावरून कंपनीच्या सूत्राने निघतो. सूत्रापेक्षा जास्त घोळ आपण घालतो. मोजायची जागा हृदयाच्या पातळीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली असेल तर आकडा सात-आठ अंकांनी वाढतो, केवळ रक्ताच्या वजनामुळे. मनगटावर बांधायचं मशीन मांडीवर हात ठेवून वापरलं की धडधाकट माणूसही रक्तदाबाचा रुग्ण ठरू शकतो.

हवा मोजणाऱ्या डब्यांनी मात्र मला खरोखर काहीतरी शिकवलं. हवेतले बारीक कण, म्हणजे पीएम २.५, दाखवणाऱ्या डब्यात छोटा लेझर असतो. कणांवर आदळून उजेड विखुरतो, त्यावरून कण मोजले जातात आणि त्यांचं वजन गृहीत धरलं जातं. फोडणी तडतडली की आकडा दोन अंकांवरून तीन अंकांवर उडी मारतो, उदबत्ती लावली की तसाच. हे खरं आहे. पण न्हाणीघराचं दार उघडल्यावर वाफेनेही तो उडतो, आणि भर पावसाळ्यात ओल धरून फुगलेले कण त्याला जास्त मोठे दिसतात. भारताची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १५. एका क्षणाचा आकडा यांच्याशी ताडून घाबरायचं कारण नाही. दिवसाची सरासरी पाहावी.

कार्बन डायऑक्साइडच्या डब्यांत दोन जाती आहेत. स्वस्त जातीत तो वायू मोजणारा सेन्सरच नसतो. हवेतल्या उडून जाणाऱ्या रसायनांना प्रतिसाद देणारा एक तापलेला थर असतो, आणि माणसं वाढली की ही रसायनं वाढतात, तेव्हा कार्बन डायऑक्साइडही वाढला असणार, असा हिशेब. त्याच्याजवळ हाताला सॅनिटायझर चोळा किंवा संत्रं सोला. खोलीत वऱ्हाड शिरल्यासारखा आकडा चढतो. दुसरी जात अवरक्त किरण हवेतून पाठवते आणि ४.२६ मायक्रॉनला किती शोषले गेले ते पाहते. अवरक्त शोषण्याच्या याच गुणामुळे हा वायू पृथ्वी तापवतो. ही जात महाग आहे, पण घ्यायची तर हीच. बाहेरच्या हवेत या वायूचं प्रमाण दहा लाखांत सव्वाचारशेच्या आसपास. दारं-खिडक्या बंद करून, एसी लावून आम्ही झोपलो त्या खोलीत पहाटे ते दोन हजारांच्या वर गेलेलं होतं. भिंतीवरचा एसी आतलीच हवा थंड करून फिरवतो, बाहेरची आणत नाही, हे मला पुस्तकातून माहीत होतं. उशाशी आकडा दिसल्यावर मी दार किलकिलं ठेवू लागलो. एअर प्युरिफायरचाही इथे उपयोग नाही. त्यातला हेपा फिल्टर कण अडवतो, वायू नाही. म्हणजे शहरात रस्त्याकडेला राहणाऱ्याने खिडकी उघडली तर धूळ, लावली तर श्वासाची कोंडी. मी पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आत, अर्धा तास सगळं उघडतो.

राहिला झाडूवाला रोबो. २००२ साली रूम्बा नावाचा रोबो पहिल्यांदा आला तेव्हा तो भिंतींना धडकत वाटेल तसा फिरायचा. आताच्यांच्या डोक्यावर लेझर गरगरतो आणि घराचा नकाशा तयार होतो. नकाशा बघत बसायला खरंच मजा येते. पण आमची घरं त्याच्यासाठी बांधलेली नाहीत : उंबरठे, सतरंजीच्या दशा, चार्जरच्या वायरी. सगळ्यात गंमत काळ्या कडप्प्याची. जिन्यावरून पडू नये म्हणून रोबोच्या पोटाखाली अवरक्त दिवे असतात. उजेड परतला तर जमीन आहे, नाही परतला तर खड्डा. काळा कडप्पा तो उजेड गिळून टाकतो. त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या पट्ट्याशी येऊन तो दर वेळी थबकतो आणि मागे वळतो. त्या दिव्यांवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली की त्याला सगळीकडेच जमीन दिसते आणि तो खुशाल पुढे जातो. जिना असलेल्या घरात हे करू नये. आमचा फ्लॅट एकाच मजल्यावर आहे, त्यामुळे आम्ही पट्टी लावली.