छपरावरचे अनुदान, मीटरवरची सवलत

साखर कारखान्यांत उसाच्या भुशावर वीज करणाऱ्या सहवीज प्रकल्पांवर या सदरात लिहिण्याचे वचन दिले होते, ते एक आठवडा पुढे ढकलतो. भुसा कुठे पळून जात नाही. साखर पेठेतल्या एका वाचकाचे पत्र आले आहे आणि त्यातला प्रश्न सोलापूरच्या पूर्व भागातल्या असंख्य घरांचा आहे. या वाचकांच्या तळमजल्यावर आठ माग आहेत, वर राहते घर. शेजाऱ्याने घरावर तीन किलोवॉटचे सौर पॅनल बसवले आणि त्याच्या खात्यात केंद्राचे ७८ हजार रुपये जमा झाले. वाचक विचारतात, ‘ऊन माझ्याही छपरावर तेवढेच पडते. मग माझ्या मागांना अनुदान का नाही?’

आधी शेजाऱ्याच्या पैशांचे बघू. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेली पीएम सूर्यघर योजना ७५ हजार २१ कोटी रुपयांची आहे आणि तिचे लक्ष्य एक कोटी घरे आहे. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, आणि तिथे अनुदान थांबते. हे अनुदान छपराला मिळत नाही, घरगुती वीजजोडणीला मिळते. वाचकांच्या घरी दोन मीटर असणार, एक घराचे आणि एक मागांचे. घराच्या मीटरवर त्यांनाही शेजाऱ्याइतकेच पैसे मिळतील. त्यासाठी अर्ज जरूर करावा.

मात्र एक गोष्ट करू नये. घराच्या मीटरवर पॅनल बसवून तिथून मागांना वायर ओढायचा सल्ला काही जण देतात. घरगुती जोडणीवर माग चालवणे वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरते आणि आकारणी दुप्पट दराने होते. अनुदानाचे सगळे पैसे एका पंचनाम्यात जातील.

घर आणि माग एकाच छपराखाली असणे हा सोलापूरचा जुना संसार आहे. १८७७ ची जुनी मिल आणि तिच्या मागोमाग आलेल्या गिरण्या मोठ्या भांडवलावर उभ्या राहिल्या. त्यांच्या बाजूला तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी घराघरात हातमाग चालवले. पेठांत वीज आली तसे हातमागाच्याच जागी यंत्रमाग बसले. धोट्याचा आवाज ऐकतच घरातली मुले मोठी झाली. धोरणे लिहिताना मात्र ‘घर’ एका मंत्रालयाकडे आणि ‘उद्योग’ दुसऱ्याकडे जातो. जे घरही आहे आणि उद्योगही, ते दोन्हीच्या मधे राहते.

ही फट एकदा बुजवण्याचा चांगला प्रयत्न झाला होता. १ एप्रिल २०१७ रोजी केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने भिवंडीत ‘पॉवरटेक्स इंडिया’ ही तीन वर्षांची योजना सुरू केली. तिच्यात आठ मागांपर्यंतच्या छोट्या कारखानदारांसाठी सौर पॅनलचा वेगळा भाग होता. चार मागांना चार किलोवॉट, सहाला सहा, आठाला आठ असे सोपे माप ठेवले होते. सर्वसाधारण गटाला ५० टक्के, अनुसूचित जातींना ७५ आणि अनुसूचित जमातींना ९० टक्के अनुदान होते. आठ मागांची ही मर्यादा आमच्या वाचकांच्या तळमजल्यावरून मोजून घेतल्यासारखी आहे. योजनेची मुदत संपली. माझ्या मते अलीकडच्या काळात छोट्या मागवाल्याचा इतका नेमका विचार केलेली दुसरी योजना झाली नाही.

आता पाटी-पेन्सिल घेऊ. सोलापूरच्या उन्हात एक किलोवॉट पॅनल दिवसाला सरासरी चार युनिट देते. आठ किलोवॉटचे वर्षाला साधारण साडेअकरा हजार युनिट होतात. किलोवॉटला ५० हजार खर्च धरला तर चार लाख रुपये लागतील. कारखानदाराला युनिट सहा रुपयांना पडत असेल तर वर्षाला ६९ हजार वाचतात आणि पैसे सहा वर्षांच्या आत सुटतात. पाच रुपयांना पडत असेल तर साडेसत्तावन्न हजारच वाचतात आणि सात वर्षे लागतात.

सहा आणि पाच हे आकडे मी मुद्दाम घेतले. राज्य सरकार यंत्रमागांना वीजदरात सवलत देते हे सगळ्यांना ठाऊक आहे. मार्च २०२४ मध्ये तिच्यात भर पडली. २७ अश्वशक्तीपेक्षा कमी जोडभार असलेल्यांना युनिटमागे आणखी एक रुपया, आणि २७ च्या वर पण २०१ च्या खाली असलेल्यांना ७५ पैसे. २७ हा आकडा विचित्र वाटतो, पण २७ अश्वशक्ती म्हणजे जवळजवळ नेमके २० किलोवॉट, आणि महावितरणच्या दरपत्रकात लहान-मोठ्या यंत्रमागांची सीमा २० किलोवॉटवरच आखलेली आहे.

सवलत हवीच. सूताचे भाव, गुजरात आणि तामिळनाडूची स्पर्धा, परदेशी ऑर्डरींची चढउतार यांत पिचलेल्या धंद्याला तो रुपया मोलाचा आहे. पण वरचा हिशेब पुन्हा पाहा. सवलतीचा प्रत्येक रुपया पॅनलचे पैसे सुटण्याचा काळ लांबवतो. एका खात्याचे सरकार म्हणते सौरऊर्जेकडे वळा, दुसऱ्या खात्याचे सरकार जुन्या विजेचे युनिट स्वस्त करते. दोघांचाही हेतू चांगला आहे, पण परिणाम एकमेकांना खोडतात. राज्याच्या २०२३-२८ च्या धोरणाचे नावच ‘एकात्मिक व शाश्वत वस्त्रोद्योग धोरण’ आहे. त्यातल्या ‘एकात्मिक’ची खरी परीक्षा इथे आहे.

माझे म्हणणे असे की या दोन खिशांतला पैसा एकत्र आणावा. कारखानदार स्वतःच्या पॅनलचे युनिट वापरतो तेव्हा तेवढे युनिट बिलातून कमी होते आणि त्यावरची सवलत सरकारला द्यावी लागत नाही. आठ मागांच्या उदाहरणात नुसत्या वाढीव रुपयाचेच वर्षाला साडेअकरा हजार वाचतात, दहा वर्षांत १ लाख १५ हजार. पॅनलच्या किमतीचा चौथा हिस्सा तिथेच निघाला, मूळ सवलत तर अजून मोजलेलीच नाही. ही रक्कम दहा वर्षे थेंबाथेंबाने देण्याऐवजी, ज्याची तयारी असेल त्याला पहिल्याच वर्षी भांडवली अनुदान म्हणून द्यावी. सवलत शासन निर्णयावर टिकते, दर वेळी तिच्यासाठी मोर्चा काढावा लागतो. पॅनल पंचवीस वर्षे छपरावर राहते.

यात सक्ती नको. भाड्याच्या शेडमधल्या कारखानदाराचे छप्पर त्याचे नसते, त्याची सवलत आहे तशीच राहावी. अशांसाठी गेल्या आठवड्यात या सदरात पाहिलेली सौर कृषी वाहिनी योजना आठवा. शेतीचा फिडर गावाशेजारच्या सौर प्रकल्पावर चालू शकतो, तर अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतल्या मागांचा फिडर का नाही? माग दिवसा चालतात, ऊनही दिवसाच असते.

करसवलतीचेही सांगतो, कारण विक्रेते तिचा खूप गाजावाजा करतात. सौर प्रकल्पावर ४० टक्के घसारा मिळतो हे खरे. पण जो छोटा कारखानदार उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांइतका नफा धरून कर भरतो, त्याच्या हिशेबात घसारा आधीच धरलेला असतो. त्याला वेगळे काही मिळत नाही. मोठ्या टॉवेल निर्यातदाराला जी सवलत लाखांत मिळते, ती साखर पेठेत शून्य होते. म्हणूनच लहानांसाठी थेट अनुदान हाच मार्ग आहे. सगळ्यांना मिळालेला एक दिलासा म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला.

वाचकांनी पैसे गुंतवण्याआधी चार गोष्टी तपासाव्यात. छप्पर सिमेंटच्या पत्र्याचे असेल तर त्यावर भार टाकू नका, खालच्या लोखंडी कैच्या जाणकाराकडून तपासून घ्या; आठ किलोवॉटच्या पॅनलांचेच वजन चारशे किलोच्या आसपास भरते. मंजूर भारापेक्षा मोठा प्रकल्प नेट मीटरिंगमध्ये बसत नाही. एप्रिल-मे महिन्यांत ऊन कडक म्हणून वीजही तेवढ्याच प्रमाणात जास्त, असे होत नाही: पॅनल तापले की २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के उत्पादन घटते. आणि मागांतून उडणारा कापसाचा तंतू काचेवर बसून ओलाव्याने चिकटतो, त्यामुळे पॅनल नियमित धुवावे लागते. त्याच्या पाण्याची सोय आधीच करा.

सोलापुरातल्या यंत्रमागधारक संघटनांना माझे एक सांगणे आहे. वीजदर सवलतीचे निवेदन देताना त्याच कागदावर दुसरी मागणी जोडा: पॉवरटेक्ससारखी आठ मागांपर्यंतची सौर योजना राज्याने पुन्हा आणावी आणि तिचा पैसा वाचणाऱ्या सवलतीतून उभा करावा. प्रादेशिक वस्त्रोद्योग उपायुक्तांचे कार्यालय सोलापुरातच आहे. या मागणीसाठी मुंबई गाठावी लागणार नाही. वाचकांनीही पॅनलची ऑर्डर देण्याआधी चालू धोरणातल्या अटी त्याच कार्यालयात लेखी विचारून घ्याव्यात, कारण खरेदी आधी आणि अर्ज नंतर या क्रमाने अनेकांचे अनुदान हुकते.

पुढच्या आठवड्यात मात्र नक्की सहवीज.