आधी पिसा, मग वाटा: मॅक्रोने गट पाडताना

शिबिर असो, कॉलेजचा प्रोजेक्ट असो की कंपनीतलं प्रशिक्षण, गट पाडायचे म्हटलं की दोन मागण्या एकदम येतात: वशिला नको आणि सगळे गट सारखे हवेत. मग कुणीतरी एक्सेलचा मॅक्रो आणतं, बटण दाबतं आणि यादी लागते. कॉम्प्युटरने केलंय म्हटल्यावर कोण कशाला हरकत घेईल?

‘रँडम वाटलं की गट आपोआप समतोल होतात.’

सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज हाच. २० मुली आणि २० मुलगे नुसत्या नशिबावर २०-२० च्या दोन गटांत टाकले, तर दोन्हीकडे बरोब्बर १० मुली येण्याची शक्यता २५ टक्क्यांच्या आसपास असते. चारांतल्या तीन वेळा पारडं थोडंफार झुकणारच. यात मॅक्रोची चूक नाही. समतोल राखायला त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

सांगायचं कसं, हे पत्त्यांच्या डावात आहे. मुलींची यादी वेगळी पिसायची, मुलग्यांची वेगळी, आणि मग एकेक नाव गट १, २, ३, ४ असं ओळीने वाटायचं. ही युक्ती जुनीच आहे. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन या औषधाच्या ब्रिटिश चाचणीचे निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाले. त्या चाचणीसाठी संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी प्रत्येक केंद्राकरता, स्त्रिया आणि पुरुष यांच्या वेगवेगळ्या रँडम याद्या केल्या होत्या. तेव्हा एक्सेल नव्हतं. बंद लिफाफे होते.

इथे एक खोच आहे. २५ मुली, २३ मुलगे आणि चार गट धरा. दोन्ही याद्या गट १ पासून वाटल्या, तर गटांत १३, १२, १२ आणि ११ जण येतात, कारण उरलेली नावं दरवेळी पहिल्या गटांच्याच वाट्याला जातात. मुलींची वाटणी गट १ वर संपली असेल, तर मुलग्यांची गट २ पासून सुरू करा. चारही गट १२ चे होतात. एवढी एक ओळ पुष्कळ मॅक्रोंत नसते.

मात्र निकषांचा सोस नको. स्त्री-पुरुष, तीन विभाग आणि अनुभवाचे तीन टप्पे धरले की १८ कप्पे होतात. ४८ माणसं त्यांत विभागली, तर कप्प्यात सरासरी तीनसुद्धा येत नाहीत. मग चार गटांत काय वाटणार?

‘मॅक्रो दरवेळी नवीन आकडे काढतो.’

नेहमीच नाही. कोडमध्ये ‘रँडमाइझ’ ही आज्ञा नसेल, तर एक्सेल नव्याने उघडल्यावर व्हीबीए या मॅक्रोच्या भाषेतलं रँडम आकडे देणारं ‘आरएनडी’ पहिला आकडा ०.७०५५४७५ हाच देतं आणि पुढची रांगही ठरलेली असते. म्हणजे कालची यादी त्याच क्रमाने आज टाकली, तर तेच गट पडतात. हे ठाऊक असलेला माणूस नावांचा क्रम बदलून आपल्या मित्राला हव्या त्या गटात बसवू शकतो.

पिसण्यातही गफलत होते. ‘प्रत्येक नावाची यादीतल्या कुठल्याही नावाशी अदलाबदल करा’ हे ऐकायला बरोबर वाटतं. तीन नावांवर करून पाहा: अदलाबदलीच्या २७ वाटा, क्रम मात्र सहाच. २७ ला सहाने भाग जात नाही, तेव्हा काही क्रम जास्त वेळा येणारच. फिशर-येट्स पद्धतीत शेवटच्या नावापासून मागे येत, प्रत्येक नावाची अदलाबदल फक्त त्याच्या स्वतःच्या किंवा आधीच्या जागांपैकी एकीशी करतात. तिथे हा दोष राहत नाही.

‘यादी पटली नाही तर पुन्हा बटण दाबावं.’

मनासारखी यादी येईपर्यंत दाबत राहिलात, तर निवड तुमचीच झाली, मॅक्रोने फक्त सही केली. किती फरक चालेल हे आधी सगळ्यांसमोर ठरलं असेल, तर पुन्हा चालवायला हरकत नाही.

मॅक्रोशिवाय गट पडत नाहीत, हेही खरं नाही. नावांशेजारी एक्सेलच्या ‘रँड’ या रँडम आकड्याच्या सूत्राचा रकाना भरा, आधी वर्गवारीने आणि मग त्या आकड्याने सॉर्ट करा, नावं ओळीने गटांत वाटा, काम झालं. फक्त शीटमध्ये काहीही बदललं की ते आकडे पुन्हा नव्याने येतात. म्हणून आधी ‘पेस्ट व्हॅल्यूज’ने ते गोठवा. मॅक्रोच वापरणार असाल, तर एक लक्षात ठेवा: त्याने शीटमध्ये फेरफार केला, की एक्सेलमधला अनडू बंद होतो, तेव्हा बटण दाबण्याआधी मूळ यादीची प्रत वेगळ्या नावाने सेव्ह करून ठेवा.