बस, कोच आणि तेलगांवचा नकाशा

कागदावरचा नकाशा पाहावयाचा असतो. हल्लींच्या अंकीय नकाशाला प्रश्न विचारावयाचा असतो. अमुक गांवाहून तमुक गांवीं कसें जावें, असें विचारलें कीं तो आपल्या पोटांतील नोंदी चाळून उत्तर देतो. अर्थात् जी वस्तु ज्या नांवाखालीं नोंदली असेल, त्याच नांवाखालीं ती त्याला सापडावयाची. म्हणून ‘बस’ ह्या साध्या शब्दाखालीं काय काय घालावें, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

उदाहरणाला बीड जिल्ह्यांतील तेलगांव घेऊं. बीडहून वडवणीवरून परळीकडे जाणारा रस्ता आणि माजलगांवहून धारूरकडे जाणारा रस्ता येथें एकत्र येतात. अशा चौरस्त्यावर एस्. टी. ची साधी तांबडी गाडी येते, तिची निमआराम बहीण येते, रात्रीं पुण्यामुंबईकडे धांवणाऱ्या खासगी आरामगाड्या येतात, शाळेची बस येते आणि माणसें भरून निघालेली वडापची जीपही येते. ह्या सर्वांना एकच खूण लावावी, कीं प्रत्येकीला निराळी?

ह्या बाबतींत शब्दांचा इतिहास मोठा बोधक आहे. ‘बस’ हें ‘ऑम्निबस’ ह्या लॅटिन शब्दाचें उरलेलें शेंपूट असून त्याचा अर्थ ‘सर्वांसाठीं’ असा आहे. ‘कोच’ हा शब्द मात्र हंगेरींतील कोच नांवाच्या गांवावरून आला. तेथील घोडागाड्या एके काळीं प्रसिद्ध होत्या. म्हणजे पहिला शब्द गाडी कोणासाठीं आहे तें सांगतो आणि दुसरा ती कोणत्या घडणीची आहे तें सांगतो. वर्गीकरणाचा सारा घोटाळा ह्या दोन कसोट्या एकत्र केल्यानें होतो.

इंग्लंडांत २००४ सालीं सुरू झालेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा स्वयंसेवकांनीं घडविलेला नकाशा घ्या. त्यांत सार्वजनिक वाहतुकीची ती ‘बस’, सार्वजनिक मार्गावर न चालणारी ती ‘टूरिस्ट बस’ आणि दूरच्या प्रवासाची ती ‘कोच’, असे शब्द आहेत. मग आपल्या ‘शिवनेरी’ला काय म्हणावें? ती वातानुकूलित आहे, दूर जाते. परंतु तिचा मार्ग ठरलेला असून तिकीट काढील त्याला ती घेते. ती कोचही आहे आणि बसही आहे!

रंग व नांव ह्यांवर तर मुळींच विसंबूं नये. दिल्लीच्या १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांवरून जिला लोक ‘एशियाड’ म्हणूं लागले, तीच निमआराम गाडी पुढें ‘हिरकणी’ झाली. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर एस्. टी. ची पहिली गाडी धांवली. १ जून २०२२ रोजीं त्याच मार्गावर विजेवर चालणारी ‘शिवाई’ निघाली. यंत्र बदललें, नांव बदललें, गाडीचें प्रयोजन मात्र तेंच राहिलें.

आपला १९८८ चा मोटार वाहन कायदा ह्या प्रयोजनालाच धरून चालतो. प्रत्येक उतारूकडून वेगळें भाडें घेऊन टप्प्याटप्प्यानें चढूंउतरूं देणारी ती ‘टप्पा वाहतूक’; एका कराराखालीं सबंध गाडी ठरवून न्यावयाची ती ‘कंत्राटी वाहतूक’. खासगी आरामगाड्यांना बहुधा ह्या दुसऱ्या प्रकारचा परवाना असतो.

हा भेद केवळ पंडितांचा नव्हे. १७ मार्च २०२३ पासून एस्. टी. च्या गाड्यांत स्त्रियांना अर्धें तिकीट पडतें. खासगी गाडींत ही सवलत लागू नाहीं. समजा, अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयांत जावयास निघालेल्या एखाद्या बाईनें नकाशावर ‘बसथांबा’ अशी खूण पाहिली आणि तेथें केवळ आगाऊ जागा राखून ठेवलेल्यांसाठीं रात्रीं एक आरामगाडी थांबत असली, तर त्या एका चुकीच्या शब्दानें तिचा दिवस बुडेल आणि बेतानें बांधलेले पैसेही अपुरे पडतील.

तेव्हां ह्या गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत नोंदणें श्रेयस्कर. पहिला रकाना प्रयोजनाचा: कोणीही चढावें अशी गाडी, कराराची गाडी, कीं शाळेची? दुसरा घडणीचा: लांबी, उंची, बैठका, कारण पुलाखालून जातांना गाडीची उंची पाहावी लागते, परवाना नव्हे. तिसरा दर्जाचा: साधी, निमआराम, वातानुकूलित. ह्या रीतीनें वडापची जीप घडणीनें लहान असली, तरी तिची सर्वांसाठीं असण्याची बाजू लपत नाहीं. आणि आरामगाडी कितीही ऐसपैस असली, तरी ती एस्. टी. च्या जागीं बसत नाहीं.

आपल्यापैकीं पुष्कळांजवळ असा नकाशा असतो आणि त्यांत भर घालण्याचीही मुभा असते. आपल्या गांवचा थांबा त्यांत नोंदतांना गाडीच्या रंगाकडे पाहण्याआधीं तेथें जरा चौकशी करावी: येथें कोणती गाडी थांबते, तींत कोणाला चढतां येतें, आणि तिकीट कोठें मिळतें? एवढें नीट लिहिलें, तरी परक्या वाटसरूचें मोठें काम होईल.