जबडा धरला? अंगावर काढू नका

कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडा. बोटाखाली हलतो तो जबड्याचा सांधा. त्याच्या दोन हाडांमध्ये एक चिवट चकती असते. ती किंचित सरकली की तोंड उघडता-मिटताना 'कट्' असा आवाज होतो. नुसताच आवाज असेल, दुखत नसेल, तर औषधाची गरज नाही.

दुखत असेल तर काही दिवस दातांनी ऊस सोलणे बंद ठेवा. भाकरी आमटीत कुस्करून खा. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेका. जांभई आली तर हनुवटीखाली हात धरा. ओठ मिटलेले असले तरी दात सुटे ठेवा. बहुतेकांचे एवढ्यावर भागते.

मात्र सगळेच दुखणे सांध्याचे नसते. सुपारी-गुटख्याने तोंडात जळजळ होते, तोंड हळूहळू कमी उघडते. स्वतःची तीन बोटे उभी मावेनाशी झाली तर डॉक्टरांना दाखवा. यातून पुढे कर्करोगही होऊ शकतो.

आणि कोयता लागल्यावर किंवा पायात खुंट घुसल्यावर काही दिवसांनी जबडा आवळू लागला, तर तो धनुर्वात असू शकतो. तिथे शेकत बसायचे नाही, तडक रुग्णालय गाठायचे. तोडणीवाल्यांनाही हे सांगून ठेवा.